दोन पेन्सिल सेलवर व्हिडिओ: वायरलेस सेन्सर नेटवर्कमधलं अवघड गणित

टेलॉस-बी नावाचा एक सेन्सर नोड संशोधकांच्या वर्तुळात बरीच वर्षं वापरात होता. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, तळहातावर मावणारा छोटासा संगणक. त्याची रॅम होती १० किलोबाइट. आता ३२० बाय २४० पिक्सेलचं एक कृष्णधवल चित्र घ्या. आजच्या मानाने अगदीच बारकं. एका पिक्सेलला एक बाइट धरला तर ते ७६,८०० बाइटचं होतं. म्हणजे व्हिडिओ दूरच राहिला, त्याची एक फ्रेमसुद्धा या नोडच्या रॅममध्ये मावत नाही.

तरीही रेडिओने एकमेकांशी बोलणाऱ्या अशा नोडांच्या जाळ्यातून, म्हणजे वायरलेस सेन्सर नेटवर्कमधून, व्हिडिओ पाठवायचे प्रयत्न थांबलेले नाहीत, कारण गरज खरी आहे. तापमान, ओलावा, कंपनं मोजणारे सेन्सर 'काहीतरी घडलं' एवढंच सांगतात. नेमकं काय घडलं हे कळायला चित्रच लागतं. जंगलात वर चढतोय तो धूर की धुकं? पुलाच्या खांबावर दिसते ती भेग की पाण्याचा ओघळ? पाणवठ्यावर रात्री आलेला प्राणी कोणता? जिथे वीज नाही, मोबाइलची रेंज नाही आणि सेल बदलायला वारंवार जाणं शक्य नाही, नेमके तिथेच हे प्रश्न जास्त पडतात.

या विषयावर वाचायला घेतलं की कॉम्प्रेशनच्या, म्हणजे माहिती आवळून लहान करण्याच्या, युक्त्यांची जंत्री समोर येते. त्या युक्त्या कामाच्या आहेत, पण माझ्या मते दुय्यम आहेत. मूळ प्रश्न ऊर्जेचा आहे: सेलमध्ये जेवढे ज्यूल आहेत, त्यातला एकेक कुठे खर्च करायचा? कॅमेऱ्यावर, प्रोसेसरवर, रेडिओवर, की काहीच न करता झोपून राहून तो वाचवायचा? हे एकदा नीट समजलं की कोणती युक्ती कुठे वापरायची ते आपोआप कळतं. म्हणून सुरुवात हिशेबापासून करू.

रेडिओ किती वाहून नेतो?

सेन्सर नेटवर्कचा मोठा भाग आयईईई ८०२.१५.४ या मानकावर चालतो. ते २००३ मध्ये आलं, आणि स्मार्ट उपकरणं जोडणारं झिग्बी त्याच्यावरच उभं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याचा वेग सेकंदाला २५० किलोबिट. एका वेळी पाठवता येणारं पॅकेट जास्तीत जास्त १२७ बाइटचं. त्यातून पत्ते, क्रमांक, तपासणीचे बाइट वगळले की खऱ्या माहितीसाठी साधारण १०० बाइट उरतात.

आता वरच्याच मापाचा, पण रंगीत व्हिडिओ सेकंदाला १५ फ्रेमने पाठवायचा म्हटलं तर? व्हिडिओत रंगाची माहिती सहसा जरा कमी बारकाईने साठवतात, त्यामुळे पिक्सेलमागे सरासरी दीड बाइट पडतो. एक फ्रेम झाली १,१५,२०० बाइटची. पंधरा फ्रेमचे सेकंदाला जवळपास १३.८ मेगाबिट. रेडिओच्या कागदावरच्या वेगाच्या ५५ पट.

पण कागदावरचा वेग हाती लागत नाही. प्रत्येक पॅकेट पाठवण्याआधी नोडला थोडं थांबून चॅनल मोकळा आहे का ते पाहावं लागतं. पाठवल्यानंतर 'मिळालं' अशी पोच येण्याची वाट पाहावी लागते. यात निम्म्याच्या आसपास वेळ जातो. म्हणजे २५० चे झाले १२५.

पुढचा फटका त्याहून मोठा आहे. या रेडिओचा पल्ला दहापाच मीटरपासून फार तर शे-दीडशे मीटरपर्यंत. त्यामुळे कॅमेऱ्याचा नोड थेट बेस स्टेशनपर्यंत, म्हणजे सगळी माहिती जिथे गोळा होते तिथपर्यंत, पोचत नाही. मधले नोड पॅकेट पुढे पुढे ढकलत नेतात. समजा अ, ब, क, ड असे चार नोड एका रांगेत आहेत आणि सगळे एकाच चॅनलवर आहेत. अ ने ब ला पॅकेट पाठवलं. ब तेच पॅकेट क ला देत असताना अ ला गप्प बसावं लागतं, कारण एकाच रेडिओने एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं जमत नाही. पुढे क ते पॅकेट ड ला देतो, तेव्हा क चा आवाज ब च्याही कानावर पडत असतो. त्यामुळे त्या वेळी अ ने ब ला काही पाठवलं तर दोन्हींची टक्कर होते. थोडक्यात, अ ला तीन वेळांतून एकदाच बोलायला मिळतं. रेडिओचा अडथळा त्याच्या पल्ल्याच्याही पलीकडे जात असेल, आणि तो बहुतेक वेळा जातो, तर चारांतून एकदा किंवा त्याहूनही कमी. १२५ चे असे ४० उरले.

सेकंदाला ४० किलोबिटची वाट आणि १३.८ मेगाबिटचा व्हिडिओ. तफावत सुमारे साडेतीनशे पटींची.

२०१२ साली या मानकात एक चांगली भर पडली. त्यात सगळे नोड घड्याळं जुळवून घेतात आणि कोणी, कधी, कोणत्या चॅनलवर बोलायचं याचं वेळापत्रक आधीच ठरतं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १६ चॅनल आहेत, त्यामुळे रांगेतल्या वेगवेगळ्या जोड्या एकाच वेळी वेगवेगळ्या चॅनलवर बोलू शकतात. टक्कर टळते, पण बोलणं आणि ऐकणं एकत्र जमत नाही ही अडचण तशीच राहते. म्हणून मधल्या नोडचा वेग निम्म्याच्या वर जात नाही.

ऐकणं बोलण्याइतकंच महाग

टेलॉस-बी मध्ये सीसी२४२० नावाची रेडिओ चिप होती. तिच्या माहितीपत्रकातले दोन आकडे मला फार बोलके वाटतात. पूर्ण जोराने पाठवताना ती १७.४ मिलिअँपिअर घेते. ऐकताना घेते १८.८. म्हणजे बोलण्यापेक्षा ऐकणं जास्त महाग! आणि ऐकणं म्हणजे नुसतं कान देऊन बसणं. समोरून काही आलं नाही तरी खर्च तेवढाच.

दोन चांगले पेन्सिल सेल मिळून ३ व्होल्ट आणि साधारण २,५०० मिलिअँपिअर-अवर धरू. ही झाली २७,००० ज्यूलची पुंजी. ऐकणारा रेडिओ ५६ मिलिवॅट खातो. भागाकार केला तर पुंजी साडेपाच दिवसांत संपते. एकही चित्र न काढता, एकही पॅकेट न पाठवता, नुसतं ऐकण्यात. हाच रेडिओ १०० तला एक भाग वेळ जागा ठेवला तर, निदान कागदावर, दीड वर्ष निघतं.

म्हणून सेन्सर नेटवर्कमध्ये ऊर्जा वाचवायची म्हणजे आधी रेडिओ झोपवायचा. २००२ चं एस-मॅक आणि २००४ चं बी-मॅक हे नियमसंच यासाठीच जन्मले: नोड झोपणार, ठरावीक वेळाने डोळे किलकिले करून कोणी हाक मारतंय का ते पाहणार आणि पुन्हा झोपणार. तासातून चारदा तापमान कळवायचं असेल तर हे छान जमतं. व्हिडिओचं तसं नसतं. तो येतो तेव्हा लोंढ्याने येतो, आणि मधला प्रत्येक नोड अर्धवट झोपेत असेल तर प्रत्येक टप्प्यावर अडतो. त्यावर उपाय असा की घटना घडली की बेस स्टेशनपर्यंतची सगळी वाट एका हाकेसरशी जागी करायची, पूर्ण वेगाने माहिती पार करायची आणि लगेच सगळ्यांना झोपायला लावायचं. रात्रभर ठिबकत पाठवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

इथे कोडेकचं गणित उलटं फिरतं

आपण रोज पाहतो ते व्हिडिओ एच.२६४ (२००३), एच.२६५ (२०१३), एव्ही१ (२०१८) अशा कोडेकांनी, म्हणजे व्हिडिओ आवळायच्या आणि पुन्हा उलगडायच्या पद्धतींनी, आवळलेले असतात. त्यांची मुख्य कमाई एकाच गोष्टीतून होते: लागोपाठच्या दोन फ्रेम जवळपास सारख्या असतात. म्हणून एक फ्रेम पूर्ण पाठवायची आणि पुढच्या फ्रेमचे फक्त फरक पाठवायचे. पण फरक काढायचा तर चित्राचा प्रत्येक तुकडा आधीच्या फ्रेममध्ये कुठून सरकून आला ते शोधावं लागतं. हा शोध म्हणजे एन्कोडरचं, म्हणजे आवळणाऱ्या बाजूचं, सगळ्यात जड काम. त्या मानाने उलगडणाऱ्या बाजूला फारसं काही करावं लागत नाही.

सिनेमा किंवा प्रक्षेपणासाठी हे योग्यच आहे. एकदा आवळायचं आणि लाखो पडद्यांवर उलगडायचं. आवळणारा श्रीमंत, उलगडणारे साधे. सेन्सर नेटवर्कमध्ये मात्र आवळणाऱ्याकडे दोन सेल आणि १० किलोबाइटची रॅम असते. उलगडणाऱ्याकडे विजेची जोडणी आणि भक्कम संगणक. श्रीमंती नेमकी दुसऱ्या टोकाला.

यातून सुटायची सगळ्यात सोपी वाट म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे जेपेग करून पाठवणं. १९९२ पासूनचं हे तंत्र, पण त्याची एक खुबी इथे कामी येते. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून एकेका चौकोनावर काम करतं. म्हणजे संपूर्ण फ्रेम रॅममध्ये असायची गरजच नाही. एका वेळी आठ ओळी पुरतात. ३२० पिक्सेलच्या आठ ओळी म्हणजे २,५६० बाइट. दहा किलोबाइटमध्ये आरामात बसतात. आमच्या कृष्णधवल फ्रेमची मध्यम दर्जाची जेपेग साधारण ६ किलोबाइटची होते, म्हणजे ६० पॅकेट.

कॅमेरा एका जागी पक्का बसवलेला असेल तर आणखी एक साधी गोष्ट करता येते. मागचं दृश्य बदलत नसतं, म्हणून ज्या चौकोनांत ठळक बदल झाला तेवढेच पाठवायचे. सरकण्याचा शोध वगैरे काही नाही, नुसती वजाबाकी. फांद्या हलल्या, ढगाची सावली सरकली की हिशेब बिघडतो, त्यामुळे 'ठळक' म्हणजे किती हे जागा बघून ठरवावं लागतं. बाळबोध वाटली तरी रिकाम्या कॉरिडॉरसारख्या ठिकाणी ही वजाबाकी भल्याभल्या कोडेकांच्या तोडीस तोड उतरते.

याच्या पुढची कल्पना मात्र खरोखर विलक्षण आहे. १९७३ मध्ये स्लेपियन आणि वुल्फ या संशोधकांनी सिद्ध केलं की दोन माहितीस्रोत एकमेकांशी मिळतेजुळते असतील, तर दोघांनी एकमेकांकडे न बघता स्वतंत्रपणे आवळलं तरी, उलगडणारा एकच असल्यास, एकत्र आवळल्याइतकीच बचत तत्त्वतः साधते. १९७६ मध्ये वायनर आणि झिव यांनी तेच तत्त्व थोडी गुणवत्ता सोडून आवळण्याच्या प्रकाराला लावलं. नुसतं वाचून हे पटत नाही, म्हणून एक पिक्सेल घेऊन बघू.

पिक्सेलची उजळी ० ते २५५ मध्ये असते. पाठवायला ८ बिट लागतात. समजा खरी किंमत १५१ आहे. बेस स्टेशनकडे आधीच्या फ्रेमवरून काढलेला अंदाज आहे १४८. नोडला हा अंदाज माहीत नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की बेस स्टेशनचा अंदाज फार तर सातने चुकतो. तर नोडने १५१ ला १६ ने भागायचं आणि फक्त बाकी पाठवायची: ७. त्याला ४ बिट पुरतात. बेस स्टेशन विचार करतं की १६ ने भागून ७ उरतात असे आकडे कोणते? १३५, १५१, १६७ वगैरे. माझ्या १४८ च्या सगळ्यात जवळचा कोणता? १५१. उत्तर बरोबर. नोडने मागची फ्रेम साठवली नाही, तुलना केली नाही, शोध घेतला नाही, तरी निम्मे बिट वाचले. सगळी डोकेफोड बेस स्टेशनने केली, आणि तिथे वीज आहे.

२००२ च्या सुमारास बर्कली आणि स्टॅनफर्डमधल्या गटांनी या तत्त्वावर प्रत्यक्ष व्हिडिओ कोडेक बांधले. पण अडचण कुठे येते तेही याच उदाहरणात दिसतं. खरी किंमत १६० असती तर बाकी ० आली असती, आणि १४८ च्या जवळचा उमेदवार ठरला असता १४४. साफ चूक, आणि बेस स्टेशनला त्याचा पत्ताही नाही. अंदाज किती चुकेल हे नोडला आधी कसं कळणार? म्हणून बहुतेक रचनांमध्ये बेस स्टेशन मागे निरोप पाठवून 'आणखी बिट दे' असं मागतं. पाच टप्प्यांच्या वाटेवर असा प्रत्येक निरोप जाऊन-येऊन दहा टप्प्यांचा होतो. माझं मत असं की सिद्धांत म्हणून हे सुंदर आहे, आणि ज्यांना माहितीशास्त्राची गोडी आहे त्यांनी मुद्दाम शिकावं. पण प्रत्यक्ष नेटवर्क उभारणाऱ्याने यापासून सुरुवात करू नये. त्यातच आता ओव्ही२६४० सारख्या साध्या कॅमेरा चिपमध्ये जेपेग करणारं सर्किट आतच येतं, त्यामुळे आवळण्याचं ओझं प्रोसेसरवर पूर्वीइतकं राहिलेलं नाही.

साठ पॅकेटांमधलं एक हरवलं तर?

वायरलेसमध्ये पॅकेट हरवणारच. शंभरातली नव्व्याण्णव पोचतात असं म्हटलं की दुवा उत्तम वाटतो. पण आपलं चित्र ६० पॅकेटांचं आहे. साठच्या साठ पोचायची शक्यता काढली तर एका टप्प्याला ती ५५ टक्के येते. पाच टप्पे असतील तर ५ टक्के. वीस चित्रांतलं एक धड पोचणार.

आता प्रत्येक टप्प्यावर एकच नियम लावा: पोच आली नाही तर तेच पॅकेट आणखी एकदा पाठवायचं. हरवणं दरवेळी योगायोगाने होतं असं धरलं तर टप्प्यावरचं नुकसान शंभरात एक ऐवजी दहा हजारांत एक होतं, आणि पाच टप्प्यांनंतर अख्खं चित्र पोचण्याची शक्यता ९७ टक्क्यांवर जाते. जादा खर्च किती? शंभर पॅकेटांमागे एखादं पॅकेट पुन्हा पाठवायचं, एवढाच. इतक्या स्वस्तात इतका फायदा देणारी दुसरी युक्ती या सगळ्या विषयात मला दिसत नाही. मात्र ही दुरुस्ती टप्प्याटप्प्यावर व्हायला हवी. शेवटी पोचल्यावर 'सतरावं पॅकेट मिळालं नाही' असं मूळ नोडला कळवत बसलं तर सगळा प्रवास पुन्हा करावा लागतो.

प्रत्यक्षात नुकसान योगायोगाने विखुरलेलं नसतं. शेजारी वायफाय सुरू झालं की सलग काही पॅकेट जातात. अशा वेळी पुन्हा पाठवूनही उपयोग होत नाही. मग सुरुवातीलाच काही जादा पॅकेट हिशेबाने बनवून सोडतात. १९६० चा रीड-सॉलोमन कोड हेच करतो: ६० मूळ आणि ६ जादा पाठवली, तर ६६ मधली कुठलीही ६० मिळाली की चित्र पुरं होतं. पण दुवा चांगला असतानाही ती सहा पॅकेट जातातच, म्हणून हा उपाय ऊठसूट वापरायचा नाही.

पॅकेट हरवल्यावर चित्राचं काय होतं हे कोडेकवर अवलंबून असतं, आणि इथे फार लोक फसतात. जेपेगमध्ये प्रत्येक चौकोनाची सरासरी उजळी आधीच्या चौकोनाशी असलेल्या फरकाने लिहिलेली असते, आणि बिटांची लांबीही ठरलेली नसते. त्यामुळे मधलं एक पॅकेट गेलं की तिथून पुढचं सगळं चित्र भरकटतं. जेपेगमध्येच यावर सोय आहे: ठरावीक चौकोनांनंतर 'इथून नव्याने सुरुवात' अशी खूण घालता येते. खुणेचे दोन बाइट जातात, पण नुकसान एका पट्टीपुरतं राहतं. फरक पाठवणाऱ्या कोडेकांमध्ये तर बिघाड पुढच्या फ्रेमांतही झिरपत जातो, पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत. पूर्ण फ्रेम क्वचित पाठवली तर बिट वाचतात, पण एका पॅकेटचा फटका लांबवर बसतो. नेटवर्क डळमळीत असेल तर पूर्ण फ्रेम लवकर लवकर पाठवाव्यात.

गर्दी झाली आणि काहीतरी टाकूनच द्यावं लागलं, तर काय आणि कुठे टाकायचं? काय, याचं उत्तर थरांमध्ये आहे. एच.२६४ ला २००७ मध्ये जोडलेल्या पुरवणीत व्हिडिओ थरांत विभागता येतो: पायाचा थर मिळाला की धूसर पण पूर्ण चित्र दिसतं, वरचे थर त्यात बारकावे भरतात. मधल्या नोडने वरचे थर आधी सोडायचे. कुठे, याचं उत्तर मात्र थेट ज्यूलच्या हिशेबातून येतं. चार टप्पे चालून आलेलं पॅकेट पाचव्या टप्प्यावर टाकलं तर चार टप्प्यांची ऊर्जा पाण्यात गेली. म्हणून गर्दीची खबर शक्य तेवढ्या लवकर मूळ नोडपर्यंत जाऊन तिथेच कपात व्हायला हवी.

बेस स्टेशनजवळच्या नोडांची एक कायमची व्यथा आहे: सगळ्यांची पॅकेट त्यांच्याच अंगावरून जातात, म्हणून त्यांचे सेल सगळ्यांच्या आधी संपतात. ते संपले की मागे भरल्या सेलचे कितीही नोड असले तरी उपयोग नाही. म्हणून तिथे मोठी बॅटरी किंवा सौर पॅनेल लावणं आणि वाटा आळीपाळीने बदलणं भागच असतं.

न पाठवलेला व्हिडिओ

आता सगळे आकडे एकत्र आणू. एक पूर्ण पॅकेट हवेत साधारण सव्वाचार मिलिसेकंद असतं. पाठवायला ०.२२ आणि घ्यायला ०.२४ मिलिज्यूल लागतात. ६० पॅकेटांचं एक चित्र पाच टप्पे नेलं की वाटेतल्या सगळ्या नोडांचा मिळून खर्च सुमारे १३८ मिलिज्यूल. दहा सेकंदांचा, १५ फ्रेमचा व्हिडिओ म्हणजे अशी १५० चित्रं: २० ज्यूलच्या वर. आणि वेळ? ९०० किलोबाइट माल ४० किलोबिटच्या वाटेवरून जायला तीन मिनिटं लागतात. दहा सेकंदांचं दृश्य, तीन मिनिटांचा प्रवास. थेट प्रक्षेपणाचा विचार इथेच सोडून द्यावा लागतो.

पण सेकंदाला १५ फ्रेम हव्यात हे ठरवलं कोणी? ती सवय आपल्या डोळ्यांची. प्राणी कोणता हे ओळखायला एक नीट फ्रेम पुरते. तो कुठे गेला हे कळायला सेकंदाला एक. तेवढ्याने दहा सेकंदांचं दृश्य बारा सेकंदांत पोचतं, म्हणजे जवळपास थेटच. कुठल्याही कोडेकला न हात लावता पंधरापट बचत झाली.

त्याच्याही पुढे जाऊन विचारायचं की ही फ्रेम पाठवायलाच हवी का? टेलॉस-बी चा प्रोसेसर काम करताना साधारण साडेपाच मिलिवॅट घेतो, रेडिओच्या दहाव्या हिश्शाइतके. पाच टप्प्यांवर एक चित्र नेण्याच्या खर्चात हा प्रोसेसर २५ सेकंद राबतो. चित्रात कामाचं काही आहे का हे त्याने तेवढ्यात ठरवलं आणि दहातली नऊ चित्रं थांबवली, तर फायदा उघड आहे. आता मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे अशा नोडांमधल्या छोट्या प्रोसेसरवर, चालणारी आणि चित्रातलं काय ते ओळखायला शिकवलेली छोटी न्यूरल नेटवर्क उपलब्ध आहेत, त्यामुळे हे ठरवणं पूर्वीपेक्षा खूप अचूक झालं आहे.

चांगली रचना पायऱ्यांची असते. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर अगदी नगण्य विजेवर सतत जागा. त्याने खूण केली की कॅमेरा उठतो आणि लहान चित्र काढतो. प्रोसेसर ते तपासतो. कामाचं वाटलं तर आधी एकच पॅकेट जातं: कधी, कुठे, काय दिसलं. त्याला पाच टप्प्यांना मिळून २.३ मिलिज्यूल. बेस स्टेशनने मागितलं तर लहान चित्र, आणखी मागितलं तर मोठं. बहुतेक वेळा पहिल्या पॅकेटवरच काम भागतं.

यात एक धोका आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. नोडने 'काही नाही' म्हणून थांबवलेल्या चित्रात खरोखर काही असेल तर ते कोणालाच कळणार नाही, आणि नेटवर्क उत्तम चाललंय असाच समज राहील. म्हणून मूळ चित्रं मेमरी कार्डवर राहू द्यावीत, आणि नाकारलेल्या चित्रांतली थोडी, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी, नियमाने बेस स्टेशनला पाठवावीत. त्याचा खर्च किरकोळ आहे.

अनेक कॅमेरे असतील तर आणखी एक प्रश्न येतो. तापमानाचे दोन सेन्सर शेजारी असले की त्यांचं वाचन सारखंच येतं, एकाला झोपवलं तरी चालतं. कॅमेऱ्यांना हा नियम लागू नाही. एकमेकांकडे पाठ केलेले दोन कॅमेरे हातभर अंतरावर असले तरी त्यांना सामायिक काहीच दिसत नाही. आणि मैदानाच्या दोन टोकांना बसवलेल्यांना एकच झाड दिसू शकतं. म्हणून कोणाला झोपवायचं हे अंतरावरून ठरवता येत नाही, दिशा आणि दृष्टिकोन लक्षात घ्यावे लागतात. कॅमेरे बसवतानाच ही नोंद करून ठेवली तर पुढचं फार काम वाचतं.

नवे रेडिओ, आणि बॅटरीच नसलेला कॅमेरा

८०२.१५.४ सोडून दुसरा रेडिओ घेतला तर? लोरा कित्येक किलोमीटर जातो, पण लोरावॅन या त्याच्यावर उभ्या नेटवर्कच्या मानकात त्याचा वेग सेकंदाला ०.३ ते ५० किलोबिट. 'काय दिसलं' हे कळवायला उत्तम, व्हिडिओला नाही. वायफाय चिप पाठवताना शंभर-दोनशे मिलिअँपिअर ओढते, त्यामुळे ती सेन्सरला परवडत नाही असं सरसकट म्हटलं जातं. मला हे अर्धवट वाटतं. ती दहाएक पट वीज ओढत असली तरी काम तितक्याच किंवा त्याहून जास्त पटींनी लवकर संपवते, म्हणून दर बिटामागचा खर्च जवळपास तेवढाच किंवा कमीच पडतो. खरा खर्च जोडणी करण्याचा आणि जोडलेलं राहण्याचा असतो. क्वचित पण भरपूर पाठवायचं असेल तर वायफाय बरं. सतत थोडंथोडं पाठवायचं असेल तर नाही. ८०२.११एएच, म्हणजे वायफाय हेलो, एक गिगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात चालतं आणि सुमारे एक किलोमीटरचा पल्ला डोळ्यासमोर ठेवून बनवलेलं आहे. टप्पे पाचाचे एक झाले तर वरचे कितीतरी हिशेब एकदम हलके होतात, म्हणून कॅमेरा नेटवर्कसाठी मला तीच वाट जास्त आश्वासक वाटते.

आवळण्याचं ओझं बेस स्टेशनवर टाकायचा विचार टोकाला नेला तर काय होतं हे वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. त्यांच्या रचनेत पिक्सेलवरचं व्होल्टेज आकड्यांत बदलतच नाहीत आणि आवळतही नाहीत. त्या व्होल्टेजनुसार लहानमोठ्या रुंदीचे स्पंद बनवून ते थेट अँटेनाला देतात, आणि अँटेना स्वतः लहरी निर्माण न करता समोरून आलेल्या रेडिओलहरी त्या तालावर परतवते. त्यांनी ७२०पी (१२८० बाय ७२० पिक्सेल) दर्जाच्या व्हिडिओचे पिक्सेल या सर्किटला पुरवून सेकंदाला १० फ्रेम पाठवून दाखवल्या, आणि त्याला लागणारी वीज इतकी कमी की बॅटरीशिवाय चालणारा कॅमेरा आवाक्यात आला. २०२२ मध्ये एमआयटीच्या गटाने याच धर्तीवर पाण्याखाली ध्वनिलहरींवर चालणारा, बॅटरी नसलेला कॅमेरा केला. ऊर्जेचा खर्च इथे नाहीसा झालेला नाही. तो समोरच्या टोकाकडे गेला आहे, कारण लहरी सोडण्याचं काम आता त्याच्याकडे आहे. वॉशिंग्टनच्या प्रयोगात पल्ला चार-पाच मीटरचा होता. अंगावर घालायच्या किंवा खोलीतल्या कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. जंगलातल्या पाणवठ्यासाठी अजून पीआयआर, जेपेग आणि टप्प्याटप्प्यावरची पोच हाच रस्ता आहे.